शास्त्रवार्ता कशी ऐकावी व कशी सांगावी?

सन २०२२ च्या गुढीपाडव्याची, म्हणजे २ एप्रिलची, सायंकाळ आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या स्मरणात असेल. घरोघरच्या गुढ्या उतरवून झाल्या होत्या. पावणेआठच्या सुमारास मराठवाडा, विदर्भ व खानदेश या भागांतील असंख्य लोकांनी अंगणात, गच्चीवर व भर रस्त्यात उभे राहून आकाशातून जळत जाणाऱ्या पदार्थांची एक माळच पाहिली. पुढे तेजस्वी गोळे, त्यांच्या मागे लहानमोठे निखारे आणि सर्वांच्या मागे लांबलचक प्रकाशाचे शेपूट, असा तो देखावा होता. ज्यांनी तो पाहिला त्यांस भय वाटले नसेल तर निदान विस्मय तरी खात्रीने वाटला.

विस्मय ओसरण्यापूर्वीच घराघरांतील मोबाइल वाजू लागले. कोणी चित्रे पाठविली, कोणी चित्रांखाली अर्थ लिहून पाठविले. एकाच्या मते तो धूमकेतू होता. दुसऱ्याच्या मते शत्रूचे क्षेपणास्त्र. तिसऱ्याच्या मते पेट घेतलेले विमान. आणि चौथ्यास तो नववर्षाचा शकुन वाटला. आम्ही शास्त्र हा विषय शिकवितो, तेव्हा आम्ही तरी या घाईपासून अलिप्त राहावयास हवे होते. परंतु तसे झाले नाही. साथीच्या दिवसांत अध्यापनासाठी नववीच्या वर्गाचा जो गट केलेला होता, त्यावर आम्ही तत्काळ लिहिले की, मुलांनो, हा उल्कावर्षाव आहे, भिऊ नये.

थोड्याच वेळात एका विद्यार्थिनीचे उत्तर आले. तिने लिहिले होते, "सर, उल्का डोळ्याचे पाते लवते न लवते तोच विझते, असे आपणच शिकविले. मी हे पाहिले, मग स्वयंपाकघरात जाऊन आईला हात धरून बाहेर आणले, तरी ते चाललेच होते. मग ती उल्का कशी?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. आणि खरे सांगावयाचे तर त्या रात्री आम्हांस उत्तर नसल्याचे दुःख झाले नाही. चारचौघांत प्रश्न विचारला गेल्याचे झाले. ही आमची चूक आम्ही येथे मुद्दाम नमूद करीत आहोत, कारण प्रस्तुत लेखाचा विषय तिच्यातूनच निघाला आहे. शास्त्रज्ञ जे शोधून काढतात ते सामान्य लोकांपर्यंत कसे पोहोचते, लोक ते कसे ऐकतात, आणि ऐकून त्याचे काय करतात, हा तो विषय होय.

प्रथम त्या माळेचाच उलगडा करू. अवकाशातून येणारा दगड पृथ्वीच्या वातावरणात सेकंदास निदान ११ किलोमीटर, आणि पुष्कळदा त्याच्या कितीतरी पट वेगाने शिरतो. म्हणून सामान्य उल्का क्षणमात्र चमकून नाहीशी होते. परंतु पृथ्वीभोवती फिरत असलेला मानवनिर्मित पदार्थ, उदाहरणार्थ अग्निबाणाचा रिकामा टप्पा, जेव्हा हळूहळू खाली उतरतो, तेव्हा त्याचा वेग सेकंदास सात-आठ किलोमीटर असतो, आणि तो वातावरणात जवळजवळ आडवा शिरतो. त्यामुळे तो सावकाश चालल्यासारखा दिसतो, वाटेत फुटून त्याचे अनेक तुकडे होतात, आणि हे तुकडे एकामागून एक, एकाच मार्गाने, पुष्कळ वेळ जळत जातात. आमच्या विद्यार्थिनीने जे पाहिले ते तंतोतंत हेच होते. तिच्यापाशी दुर्बीण नव्हती की घड्याळ नव्हते; परंतु आईला बाहेर आणावयास किती वेळ लागतो हे तिला ठाऊक होते, आणि तेवढ्या मापाने तिने आमचे विधान खोडून काढले.

त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे सुमारे ३ मीटर व्यासाचे एक धातूचे कडे पडलेले सापडले, आणि त्याच तालुक्यात एक धातूचा गोळाही मिळाला. काही अभ्यासकांनी प्रथम असा तर्क केला की, त्याच दिवशी न्यू झीलंडमधून जो अग्निबाण उडाला होता त्याचे हे अवशेष असावेत. पुढे अमेरिकेतील खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅक्डॉवेल यांनी, फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चांग झेंग ३बी या चिनी अग्निबाणाचा तिसरा टप्पा परत वातावरणात शिरला असावा, असे मत दिले. भारतीय अवकाश संशोधन संघटनेच्या शास्त्रज्ञांनीही घटनास्थळी जाऊन अवशेषांची पाहणी केली. येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्या. एक, पहिला तर्क मागे पडला तरी तो करणारे मूर्ख ठरले नाहीत. ज्ञात माहितीवरून तर्क करणे व अधिक माहिती मिळताच तो सोडणे, हीच शास्त्राची रीत आहे. दुसरी, मॅक्डॉवेल यांनीही आपले म्हणणे मत म्हणूनच मांडले. आम्ही मात्र नववीच्या गटावर "असावा" असे न लिहिता "आहे" असे लिहिले होते. सारा फरक या दोन क्रियापदांत आहे.

सोमवारी वर्गात गेल्यावर आम्ही फळ्यावर ती दोन्ही क्रियापदे लिहिली आणि त्या मुलीचे म्हणणे बरोबर होते हे सर्वांसमक्ष सांगितले. तो तास आमच्या अध्यापनातील एक चांगला तास झाला, असे आजही वाटते.

आता थोडे मागे वळून पाहू. मराठी भाषेत शास्त्रीय ज्ञान लोकांस सांगण्याचा उद्योग नवा नाही. बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी "दर्पण" पत्र काढले, आणि १८४० साली "दिग्दर्शन" हे मासिक सुरू करून त्यातून भूगोल, गणित, पदार्थविज्ञान इत्यादि विषय मराठी वाचकांपुढे ठेवले. १८४२ साली अहमदनगर येथून, म्हणजे आजच्या अहिल्यानगरातून, अमेरिकन मराठी मिशनने "ज्ञानोदय" पत्र काढले. ते मुख्यतः धर्मविषयक होते हे खरे; तथापि सृष्टीची माहिती हाही ज्ञानाचाच भाग आहे अशी त्याच्या चालकांची धारणा असल्याने त्यात शास्त्रीय विषयांसही जागा मिळे. पुढे १९२८ साली पुण्यास "सृष्टिज्ञान" मासिक निघाले, आणि १९६६ साली मुंबईत मराठी विज्ञान परिषदेची स्थापना झाली.

या सर्व प्रयत्नांत एक गोष्ट समान होती. लिहिणारा एक, छापणारा दुसरा आणि वाचणारा तिसरा असे. लेख छापखान्यात जाण्यापूर्वी संपादकाच्या नजरेखालून जाई. वाचकास शंका आली तर तो पत्र लिही, ते पत्र पोहोचण्यास दिवस लागत, आणि उत्तर छापून येण्यास कधी महिनाही लागे. या विलंबाचा आम्ही उगाच गौरव करू इच्छीत नाही. त्या काळी बहुसंख्य जनतेस अक्षरओळखही नव्हती, आणि ज्ञानाचे दार ज्यांस उघडे होते असे लोक थोडेच होते. आज पुष्कळांच्या हाती मोबाइल आहे, आणि शेतातून घरी येणारा मजूरही मंगळावर उतरलेल्या यंत्राचे चित्र पाहू शकतो, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु आज वाचणारा, छापणारा व वाटणारा हे तिघेही एकच झाले आहेत. पूर्वी जो केवळ वाचक होता तो आता बोटाच्या एका स्पर्शासरशी शंभर जणांचा संपादक होतो. अधिकार वाढला, त्याबरोबर यावयाची जबाबदारी मात्र आपणांस कोणी शिकविली नाही.

याचे दुसरे उदाहरण आपल्या शेजारच्याच बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे आहे. आपल्या शाळेच्या सहलीत पुष्कळांनी ते पाहिले असेल. काळ्या बेसाल्ट खडकात उल्केच्या आघाताने झालेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे असून त्याच्या तळाशी खाऱ्या व क्षारयुक्त पाण्याचे तळे आहे. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. परंतु गावकऱ्यांस ते त्यापूर्वी कितीतरी शतके ठाऊक होते, आणि लवणासुराच्या वधाची कथा व दैत्यसूदनाचे सुंदर मंदिर याची साक्ष देतात.

जून २०२० मध्ये या सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. टाळेबंदीमुळे लोक घरातच होते, आणि गुलाबी तळ्याची चित्रे देशभर, किंबहुना जगभर फिरली. कोणी त्यास चमत्कार म्हटले, कोणी अरिष्टसूचक म्हटले, आणि कोणी चित्रच खोटे ठरविले. वनखात्याने पाण्याचे नमुने नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे पाठविले. आघारकर संस्थेच्या तपासणीत असे दिसून आले की, मिठाच्या तीव्र द्रावणात वाढणाऱ्या हॅलोआर्किआ नावाच्या सूक्ष्म जीवांमुळे हा रंग आला होता. उन्हाळ्यात पाणी आटले, क्षारता वाढली, आणि या जीवांची संख्या वाढून त्यांच्या अंगच्या गुलाबी रंगद्रव्याने सारे तळे रंगले. प्रयोगशाळेत ठेवलेल्या नमुन्यातील हे जीव जेव्हा तळाशी बसले, तेव्हा वरचे पाणी पुन्हा स्वच्छ दिसू लागले.

हे उत्तर गुलाबी रंगाइतके वेगाने पसरले नाही. आमच्या परिचयातील ज्या गृहस्थांनी आम्हांस ते चित्र पाठविले होते, त्यांपैकी एकानेही पुढे त्याचे कारण पाठविले नाही; आणि आम्हीही ते त्यांस पाठविले नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. प्रश्न दहा जण वाटतात आणि उत्तर एक जण वाचतो, हा आजच्या शास्त्रवार्तेचा मोठा दोष आहे.

लोणारचीच आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी. जुन्या पुस्तकांत या विवराचे वय सुमारे ५०,००० वर्षे दिलेले आढळते. ते उष्णतेने खनिजातून निघणाऱ्या प्रकाशाच्या मापनावरून काढलेले होते. पुढे आरगॉन वायूच्या प्रमाणावरून केलेले मापन २०११ साली प्रसिद्ध झाले. त्यावरून हे वय सुमारे ५,७०,००० वर्षे निघाले. हे दोन आकडे वाचून एक पालक आम्हांस म्हणाले, "मास्तर, तुमच्या शास्त्रज्ञांचाच जर मेळ नाही, तर आम्ही कोणावर विश्वास ठेवावा?" हा प्रश्न उपहासाचा वाटला तरी त्यास नीट उत्तर देणे अवश्य आहे. सराफाच्या काट्यावर तोळलेले वजन व भाजीवाल्याच्या तागडीवर तोळलेले वजन यांत फरक पडला, म्हणून वजन करणे व्यर्थ असे कोणी म्हणत नाही. कोणता काटा कोणत्या वस्तूस योग्य, एवढेच आपण विचारतो. शास्त्रज्ञ प्रत्येक मापाबरोबर त्यात किती चूक संभवते तेही लिहून ठेवतात. ज्या विधानासोबत त्याच्या चुकीची मर्यादा सांगितलेली असते, ते अधिक विश्वसनीय समजावे. जो मनुष्य कधीच आपले मत बदलीत नाही, त्याचे ज्ञान स्थिर नसून थिजलेले असते.

येथपर्यंत ज्या गोष्टी सांगितल्या त्यांत कोणाचे फारसे बिघडले नाही. उल्केस अग्निबाण म्हटले काय आणि अग्निबाणास उल्का म्हटले काय, रात्री सर्वांस झोप लागलीच. परंतु शास्त्रवार्ता जेव्हा प्राणाशी येऊन भिडते, तेव्हा तिचे मोल कळते. कोविडच्या साथीचे दिवस आपण सर्वांनी पाहिले. नोव्हेंबर २०२१ मध्ये आपला जिल्हा लसीकरणात राज्यातील ३६ जिल्ह्यांत २६ व्या क्रमांकावर होता. राज्यात लस घेण्यास पात्र असलेल्यांपैकी सुमारे ७४ टक्के लोकांनी ती घेतली असता येथे हे प्रमाण ५५ टक्क्यांच्या आसपास होते. अखेर जिल्हा प्रशासनास असा हुकूम काढावा लागला की, ज्यांनी निदान एक मात्रा घेतली आहे त्यांसच पेट्रोल, गॅस व स्वस्त धान्य दुकानातील धान्य मिळावे. लस विनामूल्य होती, केंद्रे जवळ होती, आणि तरीही लोक जात नव्हते.

आमच्या मंडळीतील एक वृद्ध गृहस्थ यांपैकीच होते. त्यांस मोबाइलवर असा संदेश आला होता की, लस घेतल्याने मनुष्य दोन वर्षांत दगावतो. दुःखाची गोष्ट ही की, तो संदेश त्यांस आपल्याच उपासनेस येणाऱ्या एका भावाने पाठविला होता. आम्ही त्यांच्या घरी गेलो. लस म्हणजे काय, शरीर रोगाशी कसे लढते, देवीच्या रोगाचे जगातून उच्चाटन कसे झाले व १९८० साली ते कसे जाहीर करण्यात आले, हे सर्व आम्ही त्यांस अर्धा तास समजावून सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकले, चहा दिला, आणि लस घेतली नाही. आम्ही बाहेर पडताना मनात म्हटले, हे लोक अडाणी ते अडाणीच राहणार.

पंधरवड्यानंतर कळले की, त्यांनी लस टोचून घेतली. मोहल्ल्यात फिरणाऱ्या एका परिचारिकेने त्यांचे मन वळविले होते. तिने कोणती युक्ती योजली हे आम्ही तिला विचारले. ती म्हणाली, "मी काहीच सांगितलं नाही. बाबा, तुम्हांला भीती कशाची वाटते, एवढंच विचारलं." तेव्हा त्या वृद्धाने तिला सांगितले की, पुष्कळ वर्षांपूर्वी त्यांची बहीण एका दवाखान्यात इंजेक्शन दिल्यावर त्याच रात्री वारली, आणि ती कशाने वारली हे कोणीही, कधीही, त्यांस सांगितले नाही. परिचारिका त्यांच्याजवळ बसली, त्या बहिणीची सर्व हकीकत तिने ऐकून घेतली, आणि लस घेतल्यावर रात्री आपण स्वतः येऊन पाहून जाऊ असे वचन दिले. ते तिने पाळले.

आमच्या अर्ध्या तासाच्या व्याख्यानात एकही शब्द खोटा नव्हता. उणीव एवढीच होती की, आम्ही त्यांस उत्तर दिले, पण प्रश्न विचारला नाही. लोक शास्त्र नाकारतात ते अज्ञानामुळे, आणि अज्ञान दूर केले की ते स्वीकारतील, अशी आम्हां शिक्षकांची समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. पुष्कळदा शंकेच्या मुळाशी अज्ञान नसून एखादी जुनी जखम असते, आणि जखमेवर आकड्यांचा लेप लागू पडत नाही.

हे नवे आहे असेही नव्हे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा मोबाइल नव्हते. तरी रुग्णालयात नेलेला मनुष्य परत येत नाही, ही वार्ता चाळीचाळींतून पसरली, आणि ऑक्टोबर महिन्यात गिरणीकामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःसच टोचून घेतली. आपण जे दुसऱ्यास सांगतो त्यात आधी आपला वाटा ठेवणे, ही गोष्ट लोकांस व्याख्यानापेक्षा लवकर कळते. पुढे १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल या गावी दूषित झालेल्या एका बाटलीतील लस टोचल्याने १९ माणसे धनुर्वाताने दगावली, आणि हाफकिन यांस पदावरून दूर व्हावे लागले. त्यांचा त्यात दोष नव्हता हे मान्य होण्यास १९०७ साल उजाडले. तात्पर्य, लोकांची भीती नेहमीच निराधार असते असे नाही. कोठे तरी, केव्हा तरी, खरोखरच काही चुकलेले असते. ती चूक मोकळेपणाने सांगणे हाच विश्वास परत मिळविण्याचा मार्ग आहे. ती झाकल्यास अफवेस बळ मिळते.

मग शास्त्रवार्ता सांगणाराने कसे असावे? या संबंधात डॉ. जयंत नारळीकर यांची एक सवय आम्हांस अनुकरणीय वाटते. मुले त्यांच्याकडे स्वाक्षरी मागण्यास येत. ते स्वाक्षरी देत नसत. घरी जाऊन विज्ञानाचा एक प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवा, मी उत्तर लिहून त्याखाली सही करीन, असे सांगत. विश्वोत्पत्तीसारख्या गहन विषयावर जगन्मान्य संशोधन केलेला, पुण्याच्या आयुका संस्थेचा संस्थापक संचालक, एका शाळकरी मुलाच्या कार्डास स्वहस्ते उत्तर लिहितो, याचा अर्थ काय? अर्थ हाच की, विज्ञानाशी नाते जोडावयाचे ते सहीने नव्हे, प्रश्नाने. २० मे २०२५ रोजी ते निवर्तले. परंतु त्यांची उत्तरे कोणाकोणाच्या घरी पेटीत जपून ठेवलेली असतील.

त्यांनी काही सहकाऱ्यांसह केलेला एक प्रयोगही उल्लेखनीय आहे. कुंडलीवरून मनुष्याची बुद्धी सांगता येते की काय, यावर वाद न घालता त्यांनी ती गोष्ट पडताळून पाहावयाचे ठरविले. १०० हुशार विद्यार्थ्यांच्या व १०० मतिमंद मुलांच्या अशा २०० कुंडल्या जमविल्या, आणि त्यांतील प्रत्येकी ४० कुंडल्या ज्योतिष्यांकडे पाठवून कोणती कोणाची ते ओळखावयास सांगितले. ज्या २७ ज्योतिष्यांनी उत्तरे पाठविली, त्यांची उत्तरे सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणे उडवून उत्तर दिले असते तरी ५० टक्क्यांच्या आसपास बरोबर आली असती. येथे कोणाच्या श्रद्धेस दूषण दिलेले नाही, कोणावर आवाज चढविलेला नाही. तुम्ही म्हणता ते कसे पडताळावे, एवढेच विचारले आहे. आमच्या विद्यार्थ्यांनी वादाची ही सभ्य रीत शिकावी.

आता, विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस चार गोष्टी सांगून हा लेख पुरा करतो. पहिली गोष्ट, कोणतीही शास्त्रवार्ता हाती येताच हे कोणी पाहिले व कोणी मोजले असे विचारावे. "शास्त्रज्ञ म्हणतात" या शब्दांस अर्थ नाही. कोण, कोठला व कशावरून, हे कळले तरच अर्थ आहे. दुसरी, वार्तेची तारीख पाहावी. जुने चित्र नव्या संकटाच्या नावाने पुन्हा फिरते, हा रोजचा अनुभव आहे. तिसरी, जी वार्ता वाचताच अतिशय भय, अतिशय राग किंवा अतिशय आनंद होतो, ती निदान एक रात्र पुढे पाठवू नये. खरी असेल तर ती सकाळीही खरीच राहील. आणि चौथी, आपण चुकीचे काही पाठविले असे कळल्यास, ज्यांस ज्यांस ते पाठविले त्या सर्वांस तितक्याच मोकळेपणाने दुरुस्ती पाठवावी. पहिल्या तीन गोष्टी बुद्धीच्या आहेत. चौथी मात्र चारित्र्याची आहे, आणि म्हणूनच ती सर्वांत कठीण आहे.

आमच्या शाळेत दररोज सकाळी प्रार्थना होते, म्हणून कोणी असे समजू नये की, श्रद्धावानाने प्रश्न विचारू नयेत. प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायात बिरुया या नगरातील लोकांची हकीकत आहे. खुद्द पौलाने त्यांस उपदेश केला. त्यांनी तो मोठ्या उत्सुकतेने ऐकला, आणि मग तो सांगतो ते खरे की काय हे पाहण्यासाठी दररोज शास्त्रलेख उघडून शोध केला. त्याबद्दल त्यांस दोष लागला नाही. उलट ते थोर मनाचे म्हणून त्यांची प्रशंसाच झाली. प्रेषिताचे वचनही ज्यांनी पडताळून पाहिले त्यांची जर स्तुती होते, तर मोबाइलवर आलेला निनावी संदेश पडताळणाऱ्याने संकोच का करावा? परंतु हेही विसरू नये की, बिरुयाच्या लोकांनी आधी मनापासून ऐकले, मग तपासले. न ऐकताच नाकारणे ही चिकित्सा नव्हे.

आपल्या शहरातील पाणचक्की आपण सर्वांनी पाहिली आहे. दूरच्या डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून लांबची वाट चालून येई, उंचावरून पडे, आणि त्या बळाने चक्की फिरून धान्य दळले जाई. मधल्या वाटेवरील एक नळ जरी फुटला वा गाळाने भरला, तरी झरा कितीही निर्मळ असो, चक्की थांबे. ज्ञानाचा झरा आजही वाहतो आहे. प्रयोगशाळांत, वेधशाळांत, रुग्णालयांत माणसे निष्ठेने काम करीत आहेत. त्या झऱ्यापासून आपल्या घरापर्यंतच्या वाटेवर आता तुम्ही आम्ही सर्वच नळ झालो आहोत. नळाने पाणी निर्माण करावयाचे नसते. ते गढूळ न करता पुढे जाऊ द्यावयाचे असते, आणि एवढे काम प्रत्येकास साधण्याजोगे आहे.

त्या विद्यार्थिनीचा प्रश्न आम्ही आजही प्रतिवर्षी नववीच्या वर्गास सांगतो, आणि त्याबरोबर आमची चूकही. परमेश्वराने दिलेल्या डोळ्यांनी तिने जे पाहिले त्यावर तिने विश्वास ठेवला, आणि शिक्षकाचा मान राखून त्यास प्रश्न विचारला. असे विद्यार्थी या शाळेतून पुष्कळ बाहेर पडोत, आणि त्यांचे प्रश्न ऐकून घेण्याची नम्रता ईश्वर आम्हां शिक्षकांस देवो, हीच प्रार्थना.